फ्लास्क संपतात, बॉस उरतो: ही अडचण मुळापासून कशी काढायची

"मामा, यात हील पुरतच नाहीत. चारच देतात, आणि त्याचे दोन वार बसले की मी आडवा." भाच्याचा फोन आला तेव्हा मी सेकंड शिफ्ट आटोपून अंबड एमआयडीसीतून सिडकोकडे निघालो होतो. एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम त्याने नवीन घेतलेला, आणि स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवरचा मार्गिट (वाट अडवणारा मोठा शत्रू, म्हणजे बॉस) त्याला तीन दिवस पुढे सरकू देत नव्हता. आवाज अगदी रडवेला झाला होता. हीच तक्रार मी कारखान्यातल्या दोन सहकाऱ्यांच्या मुलांकडूनही ऐकली आहे, फक्त गेम वेगळे. डार्क सोल्स, सेकिरो, हॉलो नाइट, ब्लडबोर्न खेळणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी येते. म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

तक्रार साधारण तीन तऱ्हांनी कानावर येते. बॉसपर्यंत पोचेपर्यंतच फ्लास्क, म्हणजे गेलेली हेल्थ भरून देणारे औषधाचे घोट, संपतात. किंवा, फ्लास्क असतात पण तोंडाला लावला की नेमका तेव्हाच वार बसतो. किंवा, सगळं छान चाललेलं असतं आणि बॉसची हेल्थ बोटभर उरली असताना आपल्याकडे प्यायला काही उरत नाही. या तिन्ही वेळी माणूस एकच निष्कर्ष काढतो: औषध कमी आहे. आणि मग एकाच जागी तासन्‌तास लेव्हल वाढवायला लागणारे रून्स गोळा करत बसतो, शस्त्र बदलतो, दुसऱ्याने बॉस मारल्याचे व्हिडिओ बघत बसतो. त्यातून लेव्हल वाढते, पण हातात काही येत नाही. पुढच्या बॉसला तीच गत.

मी एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीत काम करतो. आमच्याकडे रिजेक्शन वाढलं तर जास्त माल काढा असं कुणी म्हणत नाही. कुठल्या मशीनवर, कुठल्या ऑपरेशनला, कशामुळे माल जातोय ते रजिस्टरमध्ये बघतात. फ्लास्कचंही मी तेच म्हणतो. तुमच्याकडे किती आहेत हा प्रश्न नंतरचा. प्रत्येक फ्लास्क कुठल्या चुकीपायी खर्च झाला, हे तुम्हाला सांगता येतं का? भाच्याला सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "अरे, तो मारतोच तेवढं."

आधी गेज तपासा

आमच्या लाइनवरचा पहिला धडा हाच. जॉबला, म्हणजे बनलेल्या भागाला, नावं ठेवण्याआधी मोजायचं साधन बरोबर आहे का ते बघायचं. रविवारी सकाळी मिसळ खाऊन मी भाच्याकडे गेलो आणि खेळायला बसण्याआधी चार गोष्टी पाहिल्या. दोन सापडल्या.

पहिली, टीव्ही. कॉम्प्युटर हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला, आणि टीव्ही सिनेमाच्या मोडवर. या मोडमध्ये टीव्ही प्रत्येक चित्रावर काम करतो, रंग सुधारतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि त्यासाठी ते चित्र थोडा वेळ रोखून धरतो. काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. एल्डन रिंग सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे तुम्ही जे बघताय ते सहा फ्रेम जुनं असतं. रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, मारताना वार अंगातून आरपार निघून जाण्याचा जो काळ असतो, ज्याला सगळे आय-फ्रेम्स म्हणतात, तो मध्यम वजनाच्या रोलमध्ये अर्ध्या सेकंदाहूनही थोडा कमी असतो. त्यातून सहा फ्रेम आधीच गेल्या तर पोराने काय करायचं? टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला. पाच मिनिटांत तोच म्हणाला, "मामा, हा हळू झाला का रे?" मार्गिट होता तसाच होता. चित्र वेळेवर यायला लागलं होतं.

दुसरी, वजन. त्याने मोठी ढाल घेतली होती, मोठी तलवार घेतली होती, वर जाडजूड चिलखत. एल्डन रिंगमध्ये अंगावरचा भार क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेला की रोल जड होतो. माणूस धप्पकन पडतो आणि उठायला वेळ लावतो. ३० टक्क्यांच्या आत असलात तर हलका रोल मिळतो. पहिल्या डार्क सोल्समध्ये हे आकडे आणखी कडक आहेत: चपळ रोलला २५ टक्के, मधल्याला ५०. भाच्याला वाटत होतं की चिलखत जाड म्हणजे फ्लास्क कमी लागतील. झालं उलटंच. चिलखताने प्रत्येक वारातून थोडं वाचवलं आणि जड रोलने चार वार जास्त खायला लावले. ढाल काढून ठेवली, भार ७० च्या खाली आणला.

कंट्रोलर ठीक होता. चौथी गोष्ट नाशिककरांसाठी खास: डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की आपल्याकडेही रात्री बोटं आखडतात. आखडलेल्या बोटाने बटण उशिरा दाबलं जातं, आणि उशिरा दाबलेलं बटण म्हणजे या गेममध्ये खाल्लेला वार. खेळायला बसण्याआधी गरम पाण्याच्या ग्लासाभोवती दोन मिनिटं हात धरा. मी हे दर थंडीत करतो आणि फरक पडतो.

वही

आता मूळ काम. दोनशे पानी वहीचं एक पान घेतलं, चार रकाने आखले. भाचा खेळणार, मी लिहिणार. नियम एकच: फ्लास्क प्यायला की गेम थांबत नाही, पण मी विचारणार, "हा कशामुळे?" आणि त्याने एका शब्दात सांगायचं. एकटे खेळत असाल तर मोबाइल टेकवून रेकॉर्डिंग लावा आणि मेल्यानंतर शेवटचं मिनिट बघून लिहा. लिहिणं टाळू नका. डोक्यात ठेवलेला हिशेब नेहमी आपल्या बाजूने झुकतो.

दहा खेळी झाल्या. ३४ फ्लास्क गेले होते. रकाने असे भरले:

हव्यास: १३. एक वार मारून बाजूला व्हायचं होतं, दुसराही मारायला गेला.

लवकर रोल: ९. मार्गिटने काठी उचलली की हा रोल मारून मोकळा. काठी खाली येईपर्यंत रोल संपलेला.

पिताना: ७. आधीचा वार भरून काढायला प्यायला आणि पितानाच नवीन वार खाल्ला.

माहीत नसलेला वार: ५.

पान समोर ठेवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याची समजूत होती की मार्गिट फार मारतो, आणि न समजणारे वार ३४ पैकी पाचच निघाले. बाकी २९ फ्लास्क अशा वारांना गेले होते जे त्याला आधीपासून पाठ होते. मला या पानाचा फार आधार वाटतो. जे माहीत आहे त्याचीच दुरुस्ती करायची आहे, हे एकदा दिसलं की काम आवाक्यात येतं.

तुमचं पान वेगळं दिसेल. माझं स्वतःचं सेकिरोचं पान जवळजवळ सगळं "पिताना"मध्ये भरलं होतं. म्हणून दुसऱ्याचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. जो रकाना सगळ्यात भरलेला, तिथूनच सुरुवात करा आणि एका वेळी एकच घ्या.

हव्यासाचा रकाना

जवळपास प्रत्येकाचा हाच भरतो, म्हणून इथे जरा थांबतो.

बॉसचा वार संपला की आपल्याला एक फट मिळते. ती किती मोठी आहे हे बॉसच्या त्या वारावर ठरतं, आपल्या हुरूपावर नाही. मोठ्या तलवारीचा एक वार त्या फटीत बसतो, दोन बसत नाहीत. पण पहिला वार लागल्याचा आवाज येतो, बॉसची हेल्थ सरकते आणि बोट आपोआप पुन्हा दाबलं जातं. या गेम्समध्ये बटण आधी दाबलं तरी ते रांगेत उभं राहतं. म्हणजे तुम्ही मनात "नको" म्हणेपर्यंत दुसरा वार सुरू झालेला असतो आणि तो मधेच सोडता येत नाही.

भाच्याला एक काम दिलं: पाच खेळी फक्त एकच वार. बॉस मोकळा दिसला, पाठमोरा दिसला तरी एकच. आणि वार झाला की अंगठा हल्ल्याच्या बटणावरून उचलून रोलच्या बटणावर नेऊन ठेवायचा, दाबायचा नाही. ही अंगठ्याची सवय फार कामाची आहे. पहिल्या दोन खेळींत तो चिडला, म्हणाला असं तर रात्र होईल. तिसऱ्या खेळीत मार्गिटची हेल्थ अर्ध्यावर आली, हातात प्रकाशाचा हातोडा आला आणि भाच्याकडे दोन फ्लास्क शिल्लक होते. तोपर्यंत त्याने मार्गिटचं हे रूप पाहिलं होतं तेव्हा फ्लास्क नेहमी शून्य असायचे.

एका वाराने खेळी लांबते हे खरं. पण लांबलेल्या खेळीत तुम्हाला बॉसचे वार जास्त वेळा दिसतात, आणि ते दिसणं म्हणजेच सराव.

लवकर रोल

मार्गिट हा या बाबतीत फार चांगला शिक्षक आहे. तो काठी डोक्यावर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. तुमचा रोल संपतो, मग मारतो. हे मुद्दाम तसं बनवलेलं आहे. काठी वर गेली की घाबरून जो रोल मारतो, त्याला पकडण्यासाठी.

उपाय म्हणून एक खेळ सांगतो. सलग पाच वेळा बॉससमोर जा आणि एकही वार मारू नका. शस्त्र आहे हे विसरूनच जा. फक्त वाचायचं. आणि वाचताना काठी वर जाण्याकडे लक्ष न देता खांदा खाली यायला लागतो तो क्षण पकडायचा. भाच्याला मी मोठ्याने बोलायला लावलं: काठी वर गेली की "थांब", खाली निघाली की "आता". खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या की काय चाललंय. पण तोंडाने बोललं की बोट धीर धरतं. अर्ध्या तासात "थांब" आणि "आता" यांच्यातलं अंतर त्याच्या अंगवळणी पडलं.

आणखी दोन गोष्टी. मागे रोल मारू नका, वाराच्या दिशेने किंवा बाजूने मारा. मागे गेलं की काठीचं टोक पोचतंच, आणि पुढे गेलं की वार डोक्यावरून जातो आणि तुम्ही बॉसच्या बगलेत उभे असता. मात्र मार्गिटच्या अगदी पाठीमागे रेंगाळू नका, त्याला शेपूट आहे. दुसरं, वार बसल्यावर रोलचं बटण धडाधड दाबू नका. ते दाबणंही रांगेत लागतं आणि उठल्या उठल्या तुम्ही नको त्या वेळी रोल मारता. स्टॅमिना, म्हणजे दम, संपतो, मग खरा रोल लागतो तेव्हा मिळत नाही. एका वाराचे तीन वार होतात ते इथे.

पिताना बसणारा मार

फ्लास्क पिण्याला सेकंद-दीड सेकंद लागतो आणि तेवढा वेळ तुम्ही रोल मारू शकत नाही. म्हणजे पिणं हीसुद्धा एक चालच आहे, आणि प्रत्येक चालीसारखी तिलाही फट लागते. बहुतेक जण हेल्थ कमी झाली म्हणून पितात. प्यायचं असतं ते बॉस गुंतलेला असतो म्हणून.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात: लांब पळून जाऊन पिणे. मनाला ते बरोबर वाटतं. पण मार्गिटपासून लांब जाऊन फ्लास्क तोंडाला लावा, तो प्रकाशाची कट्यार फेकतो. तुम्ही प्यायला लागलात याला त्याची ती प्रतिक्रिया असते. एल्डन रिंगमधले बरेच बॉस असं करतात. मग प्यायचं कधी? त्याने उडी मारून जमिनीवर मोठा वार आपटला, तो तुम्ही चुकवलात, आणि तो अजून सावरतोय. तीच फट, जिच्यात तुम्ही एक वार मारला असता. एका फटीत एकच काम: एक तर वार, नाही तर घोट. भाच्याला हे वाक्य भिंतीवर चिकटवायला सांगितलं आणि त्याने खरंच चिकटवलं.

यातूनच आणखी एक सवय निघते. वार बसल्यावर लगेच पिऊ नका. आधी पुढचा एक वार चुकवा, मग प्या. वार बसल्या क्षणी हात थरथरत असतो आणि बॉसची मालिका बहुतेक वेळा संपलेली नसते.

आकड्यांचा हिशेब

एवढं झाल्यावर मग फ्लास्क किती आणि कसे, यावर येऊ. तो भाग खोटा नाही, फक्त त्याचा नंबर नंतरचा आहे.

एल्डन रिंगचा लाल फ्लास्क सुरुवातीला २५० हेल्थ देतो. टक्के नाही, सरळ २५०. भाचा व्हॅगाबॉन्ड हा योद्धा घेऊन खेळत होता, व्हिगर (हेल्थ किती ते ठरवणारा आकडा) १५, म्हणजे एकूण हेल्थ ५२२. तो ४०० वर आला की घाबरून प्यायचा. तेव्हा जागा होती १२२ ची, उरलेले १२८ वाया. म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्लास्क जमिनीवर ओतल्यासारखा. वहीत हा पाचवा रकाना केला: "भरल्या पोटी". हेल्थ अर्ध्याच्या खाली आल्याशिवाय प्यायचं नाही, एवढ्यानेच सुरुवातीचे चार फ्लास्क पाच-सहा असल्यासारखे टिकतात. यालाही एक अट आहे. बॉसचा एक वार किती घेतो ते माहीत हवं. एका वारात अर्ध्याहून जास्त हेल्थ जात असेल तर अर्ध्याची वाट बघू नका.

आता व्हिगर. भाच्याने सगळ्या लेव्हल ताकदीत घातल्या होत्या. व्हिगर १५ चं २५ केलं की हेल्थ ५२२ ची ८०० होते, म्हणजे २७८ ची वाढ. एका पूर्ण फ्लास्कपेक्षा जास्त, आणि ती प्यायला थांबावं लागत नाही. ४० व्हिगरला १,४५० आणि ६० ला १,९०० हेल्थ मिळते. ६० च्या पुढे घालण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या काळात व्हिगरला हात आखडता घेणाऱ्याला मी नेहमी हेच सांगतो.

फ्लास्कची ताकद वाढवणारे सेक्रेड टिअर्स चर्चमध्ये मिळतात. मार्गिटकडे जाण्याआधी मारिकाच्या तिसऱ्या चर्चमध्ये जा, आणि मग दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात उतरा. तिथे तीन आहेत: पिल्ग्रिमेजचं चर्च, कॅलूचं बॅप्टिस्मल चर्च आणि मारिकाचं चौथं चर्च. या चार टिअर्समुळे एक फ्लास्क २५० ऐवजी ५७० देतो. किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला सोनेरी चमकणारं रोप दिसेल, त्याच्याखालचं गोल्डन सीड घ्या, फ्लास्क चारचे पाच होतात. आधी ४ गुणिले २५०, म्हणजे १,००० हेल्थ. आता ५ गुणिले ५७०, म्हणजे २,८५०. सगळेच लाल केलेत असं धरून. जादू वापरत नसाल तर निळ्या फ्लास्कचा तुम्हाला उपयोग नाही, ग्रेसवर, म्हणजे विश्रांतीच्या जागी, बसून तो लाल करून घ्या. शिवाय त्याच तिसऱ्या चर्चमध्ये फिजिकचा फ्लास्क आणि अर्धी हेल्थ एका घोटात भरणारा टिअर मिळतो. तोही प्रत्येक विश्रांतीनंतर पुन्हा भरतो.

पण हे सगळं वहीनंतर. हव्यासाचे तेरा फ्लास्क जसेच्या तसे ठेवून नुसते २,८५० केलेत तर तुम्ही फक्त जास्त वेळ हराल. मी स्वतः पहिल्या वेळी असंच केलं होतं, आणि गोल्डन सीड्स गोळा करत सगळा नकाशा पालथा घातल्यावरही पुढच्या बॉसने मला तेच शिकवलं.

वाटेत संपणारे फ्लास्क

मार्गिटजवळच ग्रेस आहे, त्यामुळे ही अडचण तिथे येत नाही. डार्क सोल्सच्या पहिल्या भागात मात्र बोनफायरपासून, म्हणजे तिथल्या विश्रांतीच्या जागेपासून, बॉसपर्यंतची वाट लांब असते आणि एस्टस, म्हणजे तिथले फ्लास्क, पाचच मिळतात. बोनफायर किंडल केली, म्हणजे आणखी पेटवली, तर दहा.

हरिहरला गेला असाल तर आठवा. निरगुडपाड्यापासून चढताना सगळे गप्पा मारत पाणी पितात, आणि कातळातल्या त्या उभ्या पायऱ्या समोर आल्या की बाटलीत तळाशी दोन घोट. वाटेतले शत्रू हे तसेच. बॉसकडे जाताना त्यांच्याशी लढायचं नाही, त्यांच्यातून वाट काढायची. एकदा पूर्ण खेळी याच कामाला द्या: बॉसशी न लढता फक्त धुक्याच्या दारापर्यंत एकही घोट न घेता पोचून दाखवायचं. कोण कुठल्या कोपऱ्यातून येतो हे दोन-तीन फेऱ्यांत पाठ होतं. वाटेत दोनहून जास्त एस्टस गेले तर ती खेळी बॉसवर मारू नका, परत बसा. एल्डन रिंगमध्ये उलट, शत्रूंचा अख्खा घोळका संपवला की फ्लास्क परत भरतात, तेव्हा तिथे लढणं फायद्याचं ठरू शकतं.

गेम बदलला की हिशेब बदलतो

२००९ च्या डीमन्स सोल्समध्ये औषधी गवत मिळायचं, एकेका जातीचं ९९ पर्यंत खिशात. त्यामुळे चुका गवताखाली झाकून जायच्या. २०११ च्या डार्क सोल्सने एस्टस आणला, मोजका पण दर विश्रांतीला पुन्हा भरणारा. माझ्या मते खेळाडूला शिकवण्याच्या दृष्टीने हा सगळ्यात प्रामाणिक बदल होता. प्रत्येक खेळीला तुमच्या हातात सारखंच साहित्य असतं, म्हणून दोन खेळींची तुलना करता येते.

ब्लडबोर्नमध्ये ती तुलना मोडते. रक्ताच्या कुप्या २० बरोबर घेता येतात, पण त्या खर्च होतात. बॉसपाशी अडकलात की साठा संपतो आणि मग सराव सोडून कुप्या गोळा करत हिंडावं लागतं. इथला खरा उपाय गेमनेच देऊन ठेवलाय: वार बसल्यावर लगेच उलट वार केलात तर गेलेली हेल्थ काही प्रमाणात परत येते. म्हणून इथे लांब पळायची सवय मोडावी लागते. अडकल्यावर पहिल्या पाच-सात खेळी कुपी न वापरताच खेळा, म्हणजे साठा टिकतो.

हॉलो नाइटमध्ये औषध बाहेरून मिळतच नाही, ते शत्रूला मारून कमवायचं. एका वाराला ११ सोल (शक्ती), एक मास्क, म्हणजे हेल्थचा एक तुकडा, भरायला ३३. म्हणजे तीन वार बरोबर एक मास्क. आणि भरताना जागेवर उभं राहावं लागतं. इथे वहीत वेगळा रकाना येतो: "भरायला सुरुवात केली आणि मोडली". तो भरत असेल तर बॉसच्या कुठल्या चालीनंतर पूर्ण वेळ मिळतो ती एक चाल शोधा आणि फक्त तिच्यानंतरच भरा. लाइज ऑफ पीमध्ये सगळे पल्स सेल, म्हणजे तिथले फ्लास्क, संपल्यावर मारत राहिलात तर एक परत मिळतो. शून्य झाल्यावर घाबरून मागे मागे सरणाऱ्याला हे कधी कळतच नाही.

सेकिरोचं थोडं निराळं. सुरुवातीला गॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या भोपळ्यात, एकच घोट असतो, शेवटी वाढत वाढत दहा होतात. पण तिथे लांब पळून औषध पिणं दुहेरी महागात पडतं, कारण तुम्ही पळता तेवढ्या वेळात बॉसचं पोश्चर, म्हणजे आपण मोडत आणलेला तोल, पुन्हा सावरतं. माझं पान "पिताना"ने भरलं होतं ते यामुळेच. मी घोट वाचवायचा नाद सोडला आणि डिफ्लेक्टचा, म्हणजे वार तलवारीने परतवण्याचा, सराव धरला, दाबून न ठेवता वार लागायच्या क्षणी टिचकी. बॉसची हेल्थ जितकी कमी, तितकं त्याचं पोश्चर हळू सावरतं, म्हणून सुरुवातीला थोडे सरळ वार मारून हेल्थ खाली आणायची आणि मग अंगावर बसून राहायचं. गॉर्ड तेवढेच होते, पण लागायला कमी लागले.

शेवटची बोटभर हेल्थ

भाच्याचा मार्गिट त्या रविवारी मेला नाही. संध्याकाळी साडेपाचला बॉसची हेल्थ इतकी उरली होती की दोन वारांत संपली असती. पोराने सलग तीन मारायला घेतले, आणि दुसऱ्यालाच पोरगा स्वतः मेला. रकाना: हव्यास. हे होणारच होतं. शेवट दिसला की हृदय धडधडतं, हात गार पडतात, आणि दिवसभर शिकलेलं सगळं बाजूला पडून बोट पुन्हा जुन्या वळणावर जातं. याला एकच गोष्ट मला लागू पडलेली आहे: बॉसची हेल्थ पाव उरली की पडद्याखालच्या त्या पट्टीकडे बघायचंच नाही. हवं तर तिथे कागदाची पट्टी चिकटवा. आणि श्वास मोठ्याने सोडा, रोलच्या आधी एकदा, रोलनंतर एकदा.

आणि एकाच रकान्यात सलग पाच नोंदी झाल्या की उठायचं. सहावी खेळी तुम्हाला ती चूकच पक्की करून देते. त्या दिवशी मी त्याला उठवलं आणि आम्ही पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आलो.

मंगळवारी फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी चहाच्या सुट्टीत त्याचा मेसेज आला. मार्गिट पडल्याचा फोटो होताच, पण त्याने गोल करून दाखवलं होतं ते कोपऱ्यातल्या फ्लास्कच्या चित्राशेजारच्या आकड्याला: २. खाली लिहिलं होतं, "मामा, दोन उरले. आता किल्ल्यात गॉड्रिक आहे म्हणे, वही आणतोस का?"